न चालणाऱ्या गाडीचं तेल

गाडी चालतच नाही तर तेल कशाला बदलायचं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शेजारी एक भाऊ राहतात, शिक्रापूरला कंपनीत नोकरीला आहेत. कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावरून उचलते आणि संध्याकाळी कोपऱ्यावर आणून सोडते. त्यामुळे त्यांची मोटारसायकल अंगणात कापडाखाली उभी. रविवारी मटण आणायला निघते, तेवढीच. एकदा मी सहज विचारलं, "भाऊ, तेल कधी बदललं होतं?" तर म्हणाले, "बाई, वर्षात पाचशे किलोमीटर पण झाले नाहीत. तेल नवंकोरं असणार." मी हातातला दळणाचा डबा खाली ठेवला आणि त्यांना अर्धा तास धारेवर धरलं. त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली तरी माझं चालूच. शेवटी बिचारे त्याच दुपारी पाना घेऊन बसले.

मी शाळेत दुसरीच्या पोरांना पाढे शिकवणारी बाई. इंजिनातलं मला फार कळतं असं नाही. पण हे एक कळतं, आणि ते कळायला घरात चांगलाच तमाशा व्हावा लागला.

माझं माहेर दौंडचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रेल्वेत फिटर होते. घरात आम्ही दोघी बहिणी, मुलगा नाही, आणि अण्णांना कुणाला तरी गाडी शिकवायची भारी खुमखुमी. म्हणून कॉलनीच्या मागच्या मैदानात त्यांनी आम्हा दोघींना त्यांची जुनी मोटारसायकल शिकवली. बहीण एकदा पडली आणि परत बसली नाही. मी तीनदा पडले, तरी उतरले नाही. आई गॅलरीतून ओरडायची, "अहो, तिचं लग्न करायचंय अजून!" अण्णा म्हणायचे, "मग शिकून घेऊ दे ना आधी."

लग्न झालं ते वडगाव रासाईला. आमची बौद्ध वस्ती नदीच्या अंगाला. सासऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, तसं मीही म्हणायला लागले. दोन एकर रान, एक बैलजोडी, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही हा हट्ट, एवढी आबांची इस्टेट. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नवरा फौजेत. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणतेय, समोर 'अहो' शिवाय बोलायची सोय नव्हती तेव्हा. वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचा, बाकी दहा महिने पत्रं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा साठवलेल्या पगारातून त्यानं शिरूरहून नवी मोटारसायकल आणली. लाल रंगाची, चार स्ट्रोकची. वस्तीतली ती पहिलीच नवी गाडी. जुन्या दोन-तीन होत्या, पण कोऱ्या कागदांची, सीटवर प्लास्टिक असलेली ही पहिली. आबांनी टाकीवरून हात फिरवला तो बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, उलट्या हातानं. नवऱ्यानं तिच्यावरून आम्हाला सगळीकडे फिरवून आणलं, पहिली सर्व्हिसिंग करून घेतली, आणि सुट्टी संपली. निघताना त्यानं चावी आबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आबा, गाडी सांभाळा."

आबा म्हणाले, "तू येशील तवा जशीच्या तशी मिळंल. माझा शब्द हाय."

झालं! तिथनंच सगळं रामायण सुरू झालं. त्यात नवऱ्याची बदली सीमेवर झाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्याला सुट्टीच मिळाली नाही.

आबांनी गाडी पडवीत घेतली. खाली फळी टाकली, वर जुनं धोतर पांघरलं. आणि रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला त्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला. धोतर काढायचं, फडक्यानं गाडी पुसायची, मग किक मारायची. आबांना गाडी चालवता येत नव्हती, पण किक मात्र अशी मारायचे की पहिल्या झटक्यात चालू. मग शेजारी उभं राहून मोठ्यानं शंभर आकडे मोजायचे. वस्तीतली पोरं जमायची आणि त्यांच्याबरोबर मोजायची. शंभर झाले की चावी फिरवायची, धोतर टाकायचं, आणि चावी आपल्या ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप, आणि कुलपाची किल्ली करगोट्याला. रोज म्हणजे रोज. पावसात, तापात, भावकीत लग्न असलं तरी. एकदा शेजारच्या गावाला पाहुण्याकडे गेले होते, तर शंभर मोजायला संध्याकाळी चालत परत आले, आणि आत्याबाईंनी पाहुण्यांसमोर काय तोंड दाखवायचं म्हणून त्यांना नुसतं फाडून खाल्लं.

तेल बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. आबांना त्यातले आकडे तेवढे वाचता यायचे. तेलाच्या चित्राशेजारी सहा हजार लिहिलं होतं. आबा मीटरला डोळा लावून म्हणायचे, "अजून हजार बी न्हाई झालं. तेलाला काय धाड भरली?" मला इंग्रजी येत होतं. ते पुस्तक उघडून खालची ओळ मी वाचली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून कशाला वाचतेय! मी तेव्हा आबांवर जरा रागच धरून होते.

रागाचं कारण माझी नोकरी. माझं डीएड लग्नाआधी झालेलं. आमची मुलगी अडीच वर्षांची होती तेव्हा ऑर्डर आली, जिल्हा परिषदेची शाळा, निमोण्याच्या पुढची एक वस्ती. ऑर्डर हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. आमच्या दोन्ही घरांत पगार आणणारी पहिली बाई मी होणार होते. आत्याबाईंनी गूळ वाटला. आबांनी ऑर्डर दोन्ही हातांत धरून शिक्का नीट बघितला आणि म्हणाले, "व्हय, सरकारी हाय."

पण शाळेला जायचं कसं? आमच्याकडून सकाळी एक एसटी. ती न्हावऱ्याला सोडायची, तिथून दुसरी धरायची, मग उतरून दोन किलोमीटर पायी. पहिली गाडी उशिरा आली की दुसरी गेलेली. कधी पहिली आलीच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी इतक्या वेळा उशिरा पोचले की प्रार्थना संपून पोरं वर्गात बसलेली आणि मी घामाघूम, पायांना चिखल. आमचे हेडगुरुजी भला माणूस. पण त्यांनीही एक दिवस मस्टर माझ्यासमोरून ओढून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी तरी किती दिवस झाकू? दिवाळीपर्यंत काही तरी सोय करा. नाहीतर इथं खोली घेऊन राहा."

खोली घ्यायची म्हणजे मुलीला घेऊन एकटीनं राहायचं आणि शाळेच्या वेळात तिला कुणाच्या तरी दारात सोडायचं, नाहीतर तिला वडगावात ठेवायची. दोन्ही मला जमणार नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं. चार दिवस बोलणी झाली आणि शेवटी सगळ्यांच्या मते एकच उरलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर नोकरी सोड. मिळालेली सरकारी नोकरी सोड!

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा पडवीत नवी कोरी मोटारसायकल उभी, आणि मला ती चालवता येते.

मी आबांना विचारलं. पहिल्यांदा नीट विचारलं. आबा म्हणाले, "गाडी पोराची हाय. तो आल्याबिगर हलायची न्हाई." मी नवऱ्याला पत्र लिहिलं. वीस दिवसांनी उत्तर आलं, हिला गाडी द्या म्हणून. मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पत्रात काय, कुणी बी लिव्हील. तोंडानं सांगू दे त्याला." त्या भागात फोन कुठला! मी म्हटलं, "आबा, अक्षर ओळखू येत नाही का तुम्हाला पोराचं?" तर म्हणाले, "येतंय. पण शब्द म्या तोंडानं दिलाय."

मग मात्र माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, "तुम्हाला गाडीची काळजी नाही, सून गाडीवर बसली तर गाव काय म्हणेल याची आहे." आबा उठले, धोतर काढलं, किक मारली, आणि शंभर मोजायला लागले. त्या दिवशी पोरांच्या त्या एक-दोन-तीननं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दसऱ्याच्या आधी आठेक दिवस अण्णा आले. रेल्वेची रजा काढून, नातीसाठी भेळेची पुडी आणि आबांसाठी तंबाखू घेऊन. आता व्याही-व्याह्यांचं कसं असतं ते सांगायला नको. एकमेकांना 'या बसा, जयभीम', पाण्याचा तांब्या दोन हातांनी, आणि दुसऱ्याच्या घरात काही चुकलेलं दिसलं तरी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर जन्माचा रुसवा. अण्णा त्या बाबतीत फार सांभाळून असायचे. माझ्या नोकरीचं त्यांना मी डोळे पुसत सगळं सांगितलं होतं. पण आबांसमोर त्यांनी विषय काढला नाही, पावसापाण्याचंच बोलत बसले.

संध्याकाळ झाली. आबा उठले, धोतर काढलं, किक मारली. पोरं मोजायला लागली. अण्णांच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला. मान तिरकी करून ते इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि त्यांचं तोंड दातात खडा आल्यासारखं झालं. शंभर झाले, आबांनी गाडी बंद केली आणि कौतुकानं म्हणाले, "व्याही, दोन वर्सं झाली. एक दीस खाडा न्हाई."

अण्णा म्हणाले, "अरे वा." आणि थंडगार चहा एका घोटात पिऊन टाकला.

रात्री ते बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत होते म्हणे. सकाळी आंघोळ झाल्यावर अगदी सहज बोलल्यासारखे बोलले, "व्याही, एकदा तेल बघू का? उगी आपलं. हाताला काम नसलं की मला चैन पडत नाही." आबांना बरंच वाटलं. त्यांनी थाटात धोतर काढलं. अण्णांनी तेल मोजायची काडी फिरवून बाहेर काढली. काडीच्या टोकाला पिवळट पांढरा फेस.

अण्णांनी काडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग पिशवीतला पाना काढला आणि म्हणाले, "एखादं भांडं द्या." आत्याबाईंनी नाक मुरडत जुनं पातेलं दिलं. खालचा नट सुटला आणि पातेल्यात जे पडलं ते बघायला आम्ही सगळेच पुढं वाकलो. तेल काळं असतं, नाहीतर मधासारखं असतं. हे दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे तर ताक हाय!"

आबांचा चेहराच पडला. पातेल्यात बोट बुडवलं, वास घेतला, आणि एकदम उसळले. "पानी! ह्याच्यात कुणी तरी पानी वतलंय!" बघता बघता ते अंगणात, अंगणातून गल्लीत. "कोन हाय तो? माज्या पोराच्या गाडीत पानी वततोय? समोर ये!" पोरं पळाली. शेजारच्या काकू भाकरी टाकून बाहेर आल्या. ज्यांच्याशी आबांचं बांधावरून वाकडं होतं, त्यांच्या दाराकडे आबा निघाले. आता इथं भलतंच काही तरी होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अण्णा मागोमाग गेले. "व्याही, थांबा. व्याही, ऐका तर. कुणी पाणी ओतलेलं नाही."

"मग कुठनं आलं? आभाळातनं?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगायचं तर व्याह्याला त्याच्या दारात, सगळ्या वस्तीसमोर चूक म्हणायचं. ते त्यांच्या जिभेवर येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, इतक्या दिवसांचं पोटात साठलेलं होतं, ते सगळं त्या दोन शब्दांत काढलं. "आबा, तुम्हीच."

मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, एक क्षणभर फार बरं वाटलं. मग आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला आजही आठवतं. त्यात राग नव्हता. माणसाला काही समजेनासं झालं की तो कसा बघतो, तसं ते बघत होते.

अण्णांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, पडवीत बसवलं आणि सावकाश समजावलं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून पाणी जमतं, तसं थंड इंजिन चालू केलं की आत वाफ धरते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालली, इंजिन चांगलं तापलं, की ती वाफ निघून जाते. दोन मिनिटांत बंद केलं तर ती तिथंच थेंब होऊन तेलात पडते. रोज दोन मिनिटं, दोन वर्षं. "गाडी नुसती उभी असती तरी एवढं झालं नसतं, व्याही. आणि चालली नाही तरी तेल सहा महिन्यांनी बदलायला लागतं. किलोमीटर कमी म्हणून ते थांबत नाही. पण इंजिन अजून शाबूत आहे. वेळेवर बघितलं."

आबा खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी बैल दावणीलाच बांधला, आन् रोज त्याला नुसता उठवला-बसवला."

"तसंच," अण्णा म्हणाले.

अण्णांची रजा एकाच दिवसाची. नवं तेल वडगावात मिळत नव्हतं. पुढच्या वेळी येताना आणतो म्हणाले, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. खराब म्या केलंय, म्याच आनीन." अण्णा संध्याकाळच्या एसटीनं दौंडला गेले.

त्या संध्याकाळी किक वाजली नाही. पोरं आली, पडवीसमोर उभी राहिली, आणि हळूच निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. आबा अर्धी भाकरी खाऊन उठायचे. कुणाशी बोलणं नाही. आत्याबाई माझ्यावर फुगल्या, "म्हातारा खात न्हाई. तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाई?" मला शाळेतही चैन पडेना. हा माणूस तापात कण्हत असताना भिंतीला धरून शंभर मोजायला उठलेला मी बघितला होता. पोरानं दिलेली एक वस्तू, ती त्यानं डोळ्यात तेल घालून सांभाळली, आणि सांभाळण्यातच ती खराब झाली, आणि हे त्याला सगळ्या गल्लीसमोर मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आबा, माझं चुकलं."

आबा म्हणाले, "खोटं न्हाई बोललीस. फकस्त जोरात बोललीस."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा कुणाला न सांगता एसटीनं शिरूरला गेले. तिथं एक मिस्त्री आहेत, मुसलमान, पिढीजात त्याच गल्लीत राहणारे, त्यांच्याकडे गाडीची पहिली सर्व्हिसिंग झाली होती. व्याह्यांवर विश्वास नव्हता असं नाही, पण दोन माणसांना विचारल्याशिवाय आबा बैलसुद्धा घेत नसत. मिस्त्रींनीही तेच सांगितलं. एक डबा तेल इंजिन धुवायला आणि एक भरायला, असे दोन डबे घेऊन आबा परत आले.

दसऱ्याचा दिवस म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतच आबा पडवीत आले, बाह्या सारल्या, मिस्त्रींनी सांगितलं तसं पहिलं तेल घातलं, गाडी चालू करून बंद केली, सोडून दिलं, नट आवळला, दुसरं तेल भरलं. सदऱ्यावर काळा डाग पडला. आत्याबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग आबांनी गेरूचा खडा घेऊन पडवीच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढली. "आज एक. आता पुढलं तेल चौदा एप्रिलला. सहा म्हैनं बरोबर व्हत्यात. दोन्ही दिवस आपुन इसरत न्हाई, तेल बी इसरायचं न्हाई."

मी मान हलवली आणि आत जायला निघाले.

"थांब," आबा म्हणाले. "मिस्त्री म्हणतोय, पंधरा किलोमीटर तरी चालवा, मंगच तेल ऱ्हातंय. तुझी साळा किती लांब हाय?"

मी म्हटलं, "अठरा."

"जाऊन-येऊन?"

"नुसतं जाऊन."

आबांनी मनाशी हिशेब केल्यासारखं केलं. मग करगोट्याची किल्ली काढली, ट्रंक उघडली, आणि चावी आणून गाडीच्या सीटवर ठेवली. माझ्या हातात नाही दिली, सीटवर ठेवली. "मंग बरोबर बसतंय," म्हणाले. "तेलासाठी."

मी न हसता म्हटलं, "हो आबा, तेलासाठी."

आता साडी. शाळेत साडीच पाहिजे, आणि पाचवारीत मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसणार कसं? आत्याबाईंनी तो प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. त्यांचं नऊवारी लुगडं काढलं आणि मला कासोटा घालून दिला, असा कचकचून की मला श्वास घेता येईना. "म्या ह्याच कासोट्यावर बैलगाडी हाकली," म्हणाल्या. "तू फटफटी हाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती दारात. मी किक मारली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडताना गाडी गचकन बंद पडली. हशा पिकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उतर गं बाई, एसटीच बरी." आबा त्यांच्यावर असे खेकसले की त्या आत गेल्या. दुसऱ्यांदा गाडी निघाली. आबा गल्लीच्या टोकापर्यंत मागनं पळत आले, ओरडत, "सावकाश! खड्डा हाय! खड्डा!"

प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं मी शाळेच्या फाटकात. हेडगुरुजी पटांगणात उभे होते. त्यांनी नऊवारी बघितली, गाडी बघितली, मग मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. मस्टर त्यांनी स्वतः माझ्यासमोर आणून ठेवलं. दिवाळी आली आणि गेली, नोकरीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

चौदा एप्रिलला भिंतीवर दुसरी रेघ पडली. पातेल्यातलं तेल काळं होतं, चांगलं कामातनं निघालेलं काळं, फेसाचा थेंब नाही. आबांनी ते पातेलं वस्तीत फिरवून चार जणांना दाखवलं. ज्यांच्या दाराकडे ते भांडायला निघाले होते, त्यांनाही दाखवलं.

मेमध्ये नवरा सुट्टीवर येणार असं पत्र आलं आणि आबांची झोप उडाली. मीटरवर किती झाले ते रोज बघायचे. "जशीच्या तशी देतो म्हनलो व्हतो," असं दिवसातून दहा वेळा. मी म्हटलं, "अहो आबा, त्यांनीच तर पत्रात लिहिलं होतं." तर म्हणाले, "पत्राचं सोड. शब्द म्या दिलाय, सांगायचं बी म्याच." आणि हट्टच धरला, दौंड स्टेशनावर त्याला आणायला मी येणार, गाडीवर.

म्हणून आम्ही दोघं निघालो. मी पुढे नऊवारीत, आबा मागे, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातानं टोपी धरलेली. चौफुल्याला रसवंतीवर थांबलो. हायवेला ट्रक शेजारून गेला की आबांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची, पण 'हळू' म्हणाले नाहीत. मधे एकदा फक्त कानाशी ओरडले, "आवाज बेस येतोय!"

स्टेशनाबाहेर लिंबाखाली गाडी लावली. नवरा ट्रंक घेऊन बाहेर आला, आबांच्या पाया पडला, आणि गाडी बघून थबकला. तो वाकून मीटर बघत होता तोवर आबांनी टोपी काढून हातात घेतली. एखाद्या साहेबासमोर उभे राहतात तसे पोरासमोर उभे राहिले आणि एका दमात बोलले, "पोरा, जशीच्या तशी ठेवतो म्हनलो व्हतो. न्हाई ठेवली. रोज उभ्यानं चालू करून म्या तेल नासवलं. तुझ्या सासऱ्यानं वाचवलं. मंग हिनं चालवली. रोज चालवली. शब्द मोडला म्या."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. शेवटी तो म्हणाला, "आबा, गाडी तर मी ठेवली होती त्याहून चांगली आहे." आणि चावीसाठी हात पुढे केला.

चावी आबांकडेच होती. उतरल्याबरोबर त्यांनी सवयीनं काढून घेतली होती. आबांनी ती खिशातून काढली, पोराच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं, आणि त्या हाताला वळसा घालून माझ्या हातात ठेवली.

"तू ट्रंक धरून माज्या मागं बस," पोराला म्हणाले. "हिला रस्ता म्हाईत हाय."